मूळ नंबरप्लेट: जुन्या मोटारसायकलींच्या मालकांसाठी काही कडक सूचना

जुन्या मोटारसायकलची मूळ नंबरप्लेट हा तिच्या चॅसी क्रमांकाइतकाच मोलाचा पुरावा असतो, आणि तरीही गाडी दुरुस्तीला गेली की सर्वांत आधी नासधूस होते ती याच पाटीची. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि एमएच-०१, एमएच-१२ अशी कार्यालयनिहाय क्रमांकांची पद्धत सुरू झाली. त्याआधीच्या खासगी दुचाकींवर काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तीन अक्षरे व पुढे आकडे असत, आणि ते बहुधा गावातल्याच एखाद्या पेंटरने ब्रशने काढलेले असत. त्या हाताचे वळण, अक्षरांमधले अंतर, गाडीचा क्रमांक बदलला असल्यास नव्या रंगाखालून वर आलेली जुन्या अक्षरांची कड, या सगळ्यांतून गाडीचा प्रवास वाचता येतो, आणि पाटी एकदा घासली की तो कायमचा पुसला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मालकीच्या, १९६०च्या दशकातील एका बुलेटच्या बाबतीत नेमके हेच घडले. पुढच्या मडगार्डवर चाकाच्या रेषेत उभी असणारी अर्धगोल पाटी, जिच्यावरील क्रमांक दोन्ही बाजूंनी वाचता येतो, ती या गाडीवर मूळ स्वरूपात शिल्लक होती. पेंटरने अक्षरांची उंची सारखी राहावी म्हणून खिळ्याच्या टोकाने ओढलेल्या दोन रेघाही तिरप्या उजेडात रंगाखाली दिसत असत. गाडी फक्त इंजिनाच्या कामासाठी गॅरेजमध्ये दिलेली होती, आणि रंगकामास व पाटीस हात लावू नये अशी लेखी नोंद जॉबकार्डावर होती. गाडी परत मिळाली तेव्हा पाटी आरशासारखी चकचकीत होती. पहिल्या नजरेला ती नुसती धुतल्यासारखी वाटली, परंतु आकड्याच्या कडेवरून नख फिरवताच ती कड सुटून वर आली, कारण तो रंग नव्हताच, तर संगणकावर कापलेले रेडियम, म्हणजे चकाकणारे स्टिकर, होते. खालचा पत्रा सँडब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाखालील वाळूच्या माऱ्याने रंग उतरवून, वर पावडर कोटिंग केलेला होता, त्यामुळे त्या दोन रेघांचा मागमूसही उरला नव्हता. विचारणा केल्यावर गॅरेजमालकाने दिलगिरी तर व्यक्त केली नाहीच, उलट हे काम बिलात न लावता करून दिल्याचे उपकार म्हणून सांगितले, आणि जॉबकार्डावरील नोंद दाखवल्यावर ती आपल्या मेस्त्रीला वाचता येत नसल्याचे कारण पुढे केले. लेखी सूचना घेऊन ती न पाळणे हा अडाणीपणा नव्हे, बेपर्वाई आहे, आणि तिला तेच नाव दिले पाहिजे.

त्यामुळे पहिला नियम असा की गाडी कोणत्याही कामाला देण्यापूर्वी मूळ पाटी मालकाने स्वतः काढून घरी ठेवावी. पाटी रिव्हेटने, म्हणजे टोक ठोकून पसरवलेल्या मऊ धातूच्या खिळ्याने, बसवलेली असल्यास रिव्हेटच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी पंच मारून, छिद्रापेक्षा किंचित लहान ड्रिलने फक्त डोके उडवावे व उरलेला भाग मागे ढकलावा. ग्राइंडर जवळही आणू नये, कारण त्याच्या ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि पुढे तेथेच गंजाचे ठिपके धरतात.

बसवण्याच्या बाबतीत खरा शत्रू कंपन हा आहे. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाचे हादरे मडगार्डातून थेट पाटीत उतरतात, आणि पाटी घट्ट आवळलेली असल्यास पत्रा छिद्राच्या कडेपासून तडकू लागतो. म्हणून पाटीच्या दोन्ही अंगांना रबराचे वायसर घालावेत, बोल्टच्या डोक्याखाली रुंद सपाट वायसर द्यावा, आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला, हादऱ्याने सैल न होणारा नट वापरून रबर किंचित दबेल इतकेच आवळावे. नवे छिद्र कोणत्याही परिस्थितीत पाडू नये. जुनी छिद्रे जुळत नसतील तर मागे वेगळी आधारपट्टी करून घ्यावी आणि छिद्रे त्या पट्टीला पाडावीत. तडा आधीच गेला असेल तर त्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तो पुढे सरकण्यापासून रोखण्याची पद्धत आहे, आणि नव्या छिद्राला एवढा एकच अपवाद मानावा. पाटी ॲल्युमिनियमची असल्यास लोखंडी किंवा स्टेनलेस बोल्टचा तिला थेट स्पर्श होऊ देऊ नये: दोन भिन्न धातूंमध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झिजू लागते. मुंबईत, कोकणात व गोव्यात ही झीज विशेष जलद होत असल्याने तेथे बोल्टवर नायलॉनची नळी आणि वायसर चढवणे अत्यावश्यक आहे.

रंगाच्या जपणुकीसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरेसे असते. पितळ घासण्याचे पॉलिश वापरू नये, कारण त्यातील बारीक खर हाताने काढलेल्या अक्षरांच्या कडा खाऊन टाकते. पेट्रोलचा थेंब पडल्यास तो तत्काळ टिपावा. संग्रहालयांत धातूच्या वस्तूंवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा, म्हणजे अतिशय सूक्ष्म स्फटिकांच्या खनिज मेणाचा, पातळ थर देतात, आणि तोच येथेही योग्य ठरतो, कारण तो पुढे काढता येतो; गॅरेजवाले ज्याचा आग्रह धरतात तो हार्डनर घातलेला क्लिअर कोट मात्र मूळ रंगाला धक्का न लावता कधीच निघत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० नुसार दुचाकीच्या पुढचा क्रमांक हँडलला समांतर, समोरून वाचता येईल असा हवा. मडगार्डवरील उभ्या पाटीने ती अट पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे होलोग्राम व लेझरने कोरलेला क्रमांक असलेली ॲल्युमिनियमची पाटी, बंधनकारक करण्यात आली आहे. ती बसवायला जातानाही मूळ पाट्या आधीच उतरवून ठेवाव्यात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या व चॅसी-इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या दुचाकीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे असते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. क्रमांकच टिकत असेल तर तो ज्या पत्र्यावर प्रथम लिहिला गेला तो पत्रा टिकवण्याची निकड आणखी वाढते.

गॅरेजच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवू नये, कागदपत्रे सांभाळावीत, शक्यतो माहितगाराचा सल्ला घ्यावा. पाटी उतरवणे शक्यच नसेल तर गाडी सोपवताना तिच्या दोन्ही बाजूंची मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे जॉबकार्डाला जोडावीत आणि त्यांवर गॅरेजमालकाची, मेस्त्रीची नव्हे, सही घ्यावी; सही द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडे गाडी सोडू नये. उतरवलेली पाटी आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात उभी ठेवावी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कधीही बांधू नये, कारण पावसाळ्याची ओल आत कोंडून रंगाला फोड येतात.