ताऱ्यांची साक्ष आणि तिची शहानिशा

गुहागरला नारळी-पोफळीच्या वाडीत आमचे कौलारू घर आहे आणि मागील अंगाच्या खोल्यांत आम्ही पर्यटकांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था करतो. अशा व्यवसायाला पूर्वी ओळखीपाळखीचा आणि शिफारशीचा जो आधार असे, त्याची जागा आता बहुतांशी गूगलच्या नकाशावर आमच्या नावापुढे उमटणाऱ्या ताऱ्यांनी घेतली आहे. म्हणूनच या ताऱ्यांच्या साक्षीवर कितपत विसंबावे याविषयी जे अनुभवास आले, ते माझ्यासारख्या लहान व्यावसायिकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

दिवाळीच्या हंगामाच्या तोंडावर एका मध्यस्थाचा फोन आला. ठरावीक रक्कम दिल्यास पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घाऊक मिळतील आणि दरमहा वर्गणी चालू ठेवल्यास आसपासच्या होमस्टेंमध्ये आमचे नाव अग्रभागी राहील, असे त्याने अत्यंत अदबीने सांगितले, आणि मी तितक्याच स्पष्टपणे नकार दिला. पुढे थोड्याच दिवसांत एका ताऱ्याचे अभिप्राय येऊ लागले. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध सिद्ध करील असा पुरावा माझ्यापाशी नाही, म्हणून तसा आरोप मी करीत नाही. परंतु ते अभिप्राय खोटे होते हे निर्विवाद आहे, कारण वरच्या मजल्यावरील खोलीत रात्रभर लिफ्टचा आवाज येत होता, अशी तक्रार त्यांतल्या एकात होती आणि आमच्या घराला वरचा मजलाच नाही. दुसऱ्याने न्याहारीचा बटाटेवडा शिळा असल्याचे लिहिले. आमच्याकडे न्याहारीला घावन किंवा आंबोळी असते, बटाटेवडा आम्ही कधी केलेलाच नाही.

असे घडू शकते, कारण गूगलवर अभिप्राय लिहिण्यास केवळ खाते पुरते. लेखक त्या जागी गेला होता याचा दाखला कोणी मागत नाही. मुक्काम आरक्षित करून देणाऱ्या काही संकेतस्थळांवर प्रत्यक्ष आरक्षण केलेल्यासच लिहिता येते, आणि तेवढ्यापुरती त्यांची साक्ष अधिक वजनदार मानावी. दाखला न मागणारी व्यवस्था किती सहज फसते, हे २०१७ साली लंडनमध्ये ऊबा बटलर या तरुण पत्रकाराने दाखवून दिले. आपल्या अंगणातील खोपट्याला त्याने उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर नोंदवले आणि स्नेह्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. एकाही ग्राहकाला ताट वाढण्यापूर्वीच ते खोपटे त्या संकेतस्थळावर लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले होते.

लहान व्यावसायिकाला हा प्रकार विशेष जाचतो, त्याचे एक कारण शुद्ध गणिताचे आहे. २० ग्राहकांनी पाच-पाच तारे दिलेल्या घरावर एक-एक ताऱ्याचे ४ खोटे अभिप्राय पडले की सरासरी ५ वरून सुमारे ४.३ वर येते. तेच ४ अभिप्राय २,००० ग्राहकांच्या मोठ्या हॉटेलावर पडले, तर ती ४.९९ राहते. दुसरे कारण हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांच्या २०११ सालच्या अभ्यासात सापडते. सिअ‍ॅटलमधील उपाहारगृहांची आणि येल्प या संकेतस्थळावरील ताऱ्यांची सांगड घालून त्यांनी असे दाखवले, की एक तारा वाढल्यास उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरताच असून साखळी उपाहारगृहांवर तो आढळत नाही. ज्याच्यापाशी जाहिरातीने रूढ केलेले नाव नाही, त्याचीच अब्रू या ताऱ्यांच्या हवाली असते.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक पाहुण्याचे नाव, तारीख आणि खोली लिहिलेली असते, आणि ऐन वेळी तीच कामी आली. वादग्रस्त अभिप्रायांची चित्रे तारखेसह जपून ठेवावीत, मग गूगलकडे रीतसर तक्रार करावी. मालकाला अभिप्राय स्वतः काढता येत नाही, आणि केवळ प्रतिकूल आहे म्हणून तो काढलाही जात नाही, तेव्हा कोणत्या नियमाचा भंग झाला ते नेमके लिहावे. आमच्या तक्रारींपैकी काही मान्य झाल्या, काही झाल्या नाहीत. जे राहिले त्यांखाली आम्ही इतकेच लिहिले: "आपल्या नावाची नोंद आमच्या वहीत आढळत नाही. मुक्कामाची तारीख कळवल्यास चौकशी करू. आमचे घर एकमजली आहे." पुढे आलेल्या कित्येक पाहुण्यांनी हे उत्तर वाचूनच खोली घेतल्याचे सांगितले. रागाच्या भरात लिहू नये आणि पाहुण्याची खाजगी माहिती तर कदापि उघड करू नये. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणेही गूगलच्या नियमांना धरून नाही.

भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसृत केले. लेखकाची ओळख पडताळावी आणि पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात आहे. प्रारंभी त्याचे पालन ऐच्छिक ठेवले गेले, हे मला अपुरे वाटते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियमच केला. आणखी एक गोष्ट तरुणांच्या कानी घालावीशी वाटते: घरबसल्या तारे द्या आणि पैसे मिळवा, अशी आमिषे टेलिग्रामवर फिरत असतात, आरंभी किरकोळ रक्कम खात्यात जमा होते आणि मागाहून मोठ्या 'टास्क'साठी अनामत मागून मनुष्याला लुबाडले जाते. असे झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

वाचकहो, नुसता आकडा पाहून कोणाही व्यावसायिकाचा निवाडा करू नका. अलीकडचे अभिप्राय वाचा, त्यांत खोलीचा, पदार्थाचा, माणसांचा प्रत्यक्ष उल्लेख आहे की नाही ते पाहा आणि मालकाचे उत्तरही वाचा. ज्या लहान दुकानात, खाणावळीत वा घरगुती निवासात तुमचे समाधान झाले असेल, त्याविषयी घरी परतल्यावर स्वतःच्या नावाने चार ओळी अवश्य लिहा. जे उणे वाटले तेही लिहा, आमची त्याला हरकत नाही.