उडी घोड्याची, तोल स्वाराचा

पुण्याहून सिंहगडाकडे निघालात की वाटेत खडकवासल्याचे धरण लागते. तेथल्या जलाशयाच्या काठी, विस्तीर्ण आवारात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे एकत्र शिकतात. २०२२ पासून मुलीही येथे दाखल होऊ लागल्या आहेत. गंमत अशी की, ज्याला पुढे जहाजावर किंवा विमानात बसायचे आहे, त्यालाही येथे घोड्यावर बसायला शिकवतात!

घोडेस्वारीच्या मैदानावर आडव्या बांबूंचे अडथळे मांडलेले असतात. घोडा दौडत येतो, उसळतो आणि बांबू ओलांडून पलीकडे उतरतो. पाठीवरचा स्वार पुढे वाकलेला दिसतो. आता तुम्हांला एक प्रश्न विचारतो. या उडीत स्वार नेमके काय करतो?

“तो लगाम वर ओढून घोड्याला उचलतो,” असे पुष्कळजण सांगतील. हे उत्तर चूक आहे. एवढेच नव्हे, तर तसे करू पाहणारा स्वार घोड्याची उडी बिघडवतो. असे का, ते आज पाहू.

उडीचे टप्पे

उडीचे पाच टप्पे मानतात. घोडा अडथळ्याकडे धावत येतो, हा पहिला. मग तो पुढचे पाय रेटून शरीराचा पुढचा भाग वर उचलतो आणि लगेच मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन जमिनीला जोराचा रेटा देतो. हा दुसरा टप्पा. तिसऱ्यात तो पूर्णपणे हवेत असतो. चौथ्यात पुढचे पाय एकामागून एक जमिनीवर टेकतात. पाचव्यात तो तोल सावरून पुन्हा धावू लागतो.

घोड्याला वर नेते कोण? न्यूटनचा तिसरा नियम आठवा. घोडा जमिनीला मागे व खाली ढकलतो, आणि जमीन घोड्याला पुढे व वर ढकलते. म्हणजे जे काही घडायचे ते पाय जमिनीवर असतानाच घडते. पाय सुटले की घोडा आणि स्वार यांचा मिळून जो गुरुत्वमध्य असतो, त्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. फेकलेल्या चेंडूप्रमाणे तो अन्वस्त आकाराच्या वक्रावरून जातो. हा गुरुत्वमध्य हवेत ३० सेंटिमीटर चढून तेवढाच उतरला, तर सगळा प्रवास सुमारे अर्ध्या सेकंदाचा होतो.

या अर्ध्या सेकंदात स्वाराने कितीही लगाम ओढला तरी घोडा वर जाणार नाही. तुम्ही टोपलीत बसून तिचीच कडी वर ओढली तर टोपली उचलली जाईल का? नाही. कारण ओढणारा आणि ओढला जाणारा, दोघेही एकाच टोपलीतले!

तीन सेंटिमीटरांचा हिशेब

आता एक गणित करू. घोड्याचे वजन ४४० किलोग्रॅम आणि स्वाराचे ६० किलोग्रॅम, मिळून ५०० किलोग्रॅम असे धरू. हवेत असताना स्वार उत्साहाने रिकिबीत ताठ उभा राहिला आणि घोड्याच्या पाठीपासून २५ सेंटिमीटर वर गेला. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य तर आपल्या ठरलेल्या वाटेवरच राहणार. मग स्वार वर गेला त्याची भरपाई कोण करणार? घोडा! तो २५ गुणिले ६० भागिले ५००, म्हणजे ३ सेंटिमीटर खाली ढकलला जातो.

३ सेंटिमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे वाटेल. पण घोड्याचे खूर पुष्कळदा बांबूवरून तेवढ्याच अंतराने निसटतात. खूर बांबूला लागला, बांबू खडखडत पडला, तर चूक घोड्याची मानली जाते. प्रत्यक्षात ती स्वाराची असू शकते.

म्हणून उडीच्या वेळी स्वाराने उडी मारायची नसते. उडी घोडा मारतो. स्वाराने फक्त आपला तोल घोड्याला ओझे होणार नाही असा राखायचा असतो.

मांड कोठे असते?

घोड्यावर बसण्याच्या ढबीला आपण ‘मांड’ म्हणतो. मांड पक्की म्हणजे मांड्या आवळून, घोड्याला चिकटून बसणे, असा पुष्कळांचा समज असतो. उडीच्या वेळची मांड मात्र खरी पायांत असते. कशी, ते पाहण्यासाठी पुढील प्रयोग करा.

एका खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसा. पाय पुढे पसरा आणि हाताचा आधार न घेता, पुढे न वाकता उठा. उठता येत नाही ना? आता पावले मागे घेऊन गुडघ्यांखाली आणा, कमरेतून पुढे वाका आणि उठा. सहज उठता आले! पहिल्या वेळी तुमचा गुरुत्वमध्य पावलांच्या मागे होता, दुसऱ्या वेळी तो पावलांवर आला.

घोड्यावर हेच घडते. ज्याची पावले पुढे सरकली आहेत तो स्वार खोगिरावरून उठू शकत नाही. घोडा उसळला की तो जडत्वामुळे मागे राहतो. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे कलंडतात, तसेच हे. म्हणून उडीच्या सरावात रिकिबी नेहमीपेक्षा दोन-तीन भोके आखूड करतात. पाऊल बरोबर कमरेखाली, टाच किंचित खाली, घोटा-गुडघा-कंबर हे तिन्ही सांधे दुमडलेले, कंबर थोडी मागे आणि छाती पुढे, नजर अडथळ्याच्या पलीकडे, अशी ही मांड असते. ती बरोबर आहे का, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. कल्पना करा की घोडा अचानक नाहीसा झाला. स्वार आपल्या दोन पायांवर उभा राहील का? राहत असेल तर मांड बरोबर. पाठीवर किंवा तोंडावर पडणार असेल तर चूक.

नवखा घोडा कसा असतो?

स्वारी शिकवणारे एक पथ्य पाळतात : नवा स्वार असेल तर घोडा जुना हवा, आणि घोडा नवा असेल तर स्वार जुना हवा. जुना घोडा शिकाऊ स्वाराच्या चुका पोटात घालतो. चार-पाच वर्षांच्या, नुकत्याच शिकू लागलेल्या घोड्याला मात्र स्वतःचाच तोल अजून पुरता सापडलेला नसतो. त्यातून पाठीवर स्वार, म्हणजे खांद्यावर हलणारे पोते घेऊन खड्डा ओलांडण्यासारखे!

असा घोडा कधी फार लांबूनच उसळतो, कधी अडथळ्याच्या अगदी पायाशी येऊन उभाच्या उभा उडतो, तर कधी ऐन वेळी थांबतो. कधी पाऊण हाताच्या बांबूवरून पुरुषभर उंच उडी घेतो! स्वाराला अंदाज येत नाही आणि त्याच्या हातून दोन चुका होतात.

पहिली चूक मागे राहण्याची. घोडा लवकर उसळला, स्वार मागे पडला आणि सावरण्यासाठी त्याने लगामाला लोंबकळून घेतले. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीचा एक बिनदाताचा भाग असतो. तेथे हाडावर पातळ कातडीच असते आणि लगामाचा लोखंडी भाग नेमका तेथेच बसतो. उडी मारताना घोड्याला मान पुढे लांबवावी लागते. त्याच क्षणी तोंडाला हिसका बसतो. शिवाय स्वार पाठीवर धपकन आदळतो.

दुसरी चूक घाई करण्याची. घोडा उसळण्यापूर्वीच स्वार मानेवर झेपावतो. घोडा नुसता उभा असतानाही त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. पुढचा भाग उचलायच्या क्षणीच त्यावर आणखी भार पडला, तर काय होईल? सी-सॉच्या जड बाजूला आणखी एक मुलगा बसल्यासारखे! आणि घोडा ऐन वेळी थांबला, तर स्वार मानेवरून थेट पलीकडे जातो.

यात खरे नुकसान कोणाचे? स्वार पडला तर कपडे झटकून उठेल. पण घोड्याची स्मरणशक्ती तल्लख असते. उडीबरोबर तोंडात कळ आली, पाठीत आघात झाला, की त्याच्या मनात ‘उडी म्हणजे दुखणे’ अशी जोडी जमते. पुढच्या वेळी तो अडथळा पाहून थांबतो किंवा बाजूला पळतो. लोक त्याला हट्टी, भित्रा म्हणतात आणि चाबूक उगारतात. बिचाऱ्याला बोलता येत नाही. येते तर त्याने सांगितले असते की, मला बांबूची भीती नाही, तुमच्या हातांची आहे!

घोड्याला पाहून शिकलेला माणूस

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील स्वार उडीच्या वेळी मागे रेलत असत. घोड्याच्या पुढच्या पायांवरचा भार त्यामुळे कमी होतो, असा त्यांचा समज होता. इटलीच्या घोडदळातील फेदेरीको काप्रीली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्याने हा समज तपासून पाहिला. त्याने स्वार नसलेले मोकळे घोडे कसे उड्या मारतात, याचे निरीक्षण केले. मोकळा घोडा मान पुढे ताणतो, पाठीची कमान करतो आणि पुढच्या पायांवर उतरतो. मग स्वाराने मागे रेलून त्याच्या विरुद्ध का वागावे? पुढे वाकून, आखूड रिकिबीत, हात मोकळे ठेवून घोड्याच्या हालचालीबरोबर जाण्याची रीत त्याने शिकवली. आज जगभर याच रीतीने उड्या मारतात. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी अश्वारोहणाच्या तिहेरी स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या स्पर्धेतही उड्यांची परीक्षा असते.

मांड सुधारायची कशी?

सुधारणा अडथळा उंच करून होत नाही, लहान करून होते. घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत पुरी होत नाही, म्हणून तरुण घोड्याला मोठ्या उड्या देणे तसेही योग्य नव्हे.

प्रथम जमिनीवर बांबू ठेवून त्यांवरून दुडक्या चालीने जायचे. बांबूंमधील अंतर सुमारे सव्वा मीटर असते. या वेळी स्वाराने खोगिरापासून किंचित वर उठून, भार घोट्यांत उतरवून राहायचे. हे जमले की फुलीच्या आकारात बांधलेल्या दोन बांबूंचा, वीतदोन वीत उंचीचा अडथळा घ्यायचा. त्याच्या अलीकडे सुमारे २.७ मीटरवर जमिनीवर एक बांबू ठेवतात. त्यामुळे घोडा योग्य जागी येऊन उसळतो आणि स्वारालाही क्षण आधी कळतो. दोघांचाही गोंधळ कमी होतो.

हातांचे काय? घोड्याच्या गळ्यात एक सैल पट्टा बांधतात. उडीच्या वेळी लगामाबरोबर तो पट्टा, किंवा मानेच्या मध्यावरची आयाळ, बोटांत धरून ठेवायची. स्वार मागे पडलाच, तर ओढ पट्ट्याला बसते, तोंडाला नाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चांगले स्वारही नवख्या घोड्यावर आयाळ धरतात.

उतरताना सांधे स्प्रिंगसारखे वापरायचे. समजा, स्वार ३० सेंटिमीटर खाली आला आणि १० सेंटिमीटरांत थांबला. तर त्या वेळी घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या सरासरी चौपट, म्हणजे २४० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. घोटे, गुडघे आणि कंबर दुमडून त्याने हेच अंतर ३० सेंटिमीटर केले, तर बल दुप्पट, म्हणजे १२० किलोग्रॅम वजनाइतकेच राहते. स्वार तोच, उडी तीच. पण पाठीवरचा आघात निम्मा!

आणि उडी झाल्यावर? मानेवर थाप द्यायची, आणि घोडा खुशीत असतानाच सराव थांबवायचा. शेवटची आठवण चांगली राहिली की दुसऱ्या दिवशी तो कान टवकारून अडथळ्याकडे येतो.

करून पाहा

१. भिंतीला पाठ व टाचा टेकून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायांचे अंगठे धरा. तोल का जातो? मग भिंतीपासून दूर होऊन तेच करा. कंबर आपोआप कोठे जाते? स्वाराची कंबर उडीच्या वेळी मागे का जाते, याचे उत्तर त्यातच आहे.

२. पायरीवरून एकदा गुडघे जरा ताठ ठेवून आणि एकदा चांगले दुमडून हलकेच उतरा. आवाजात काय फरक पडतो?

३. वरील हिशेब ५० किलोग्रॅमचा स्वार आणि ३५० किलोग्रॅमचे तट्टू धरून करा. स्वार पाठीपासून २४ सेंटिमीटर वर गेला, तर तट्टू किती खाली जाईल?

प्रत्यक्ष घोड्यावरचे प्रयोग मात्र शिक्षकांवाचून आणि डोक्यावर शिरस्त्राण घातल्यावाचून करू नका. मैदानावर नुसते पाहायला गेलात, तरी आता घोड्याकडे पाहण्याआधी स्वाराच्या पायांकडे आणि हातांकडे पाहा. बांबू पडला तर तो कोणी पाडला, हे तुम्हांला सांगता येईल.