घरचा संगणक आणि न बसणारें अपडेट

सायकलच्या साखळीस तेल द्यावें, विहिरींतील गाळ वेळच्या वेळीं काढावा, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु घरांत संगणक आला, कीं तो विकत घेतला त्या दिवशींच पुरा झाला, अशी आपली समजूत होते. ती खरी नव्हे. त्याच्या प्रोग्रामांतील चुका जसजशा सांपडतात, तसतसे त्यांवरील दुरुस्तीचे तुकडे कर्ते पाठवीत असतात. त्यांसच आपण ‘अपडेट’ म्हणतों. विंडोजचीं मुख्य अपडेटें दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात.

हीं बसलीं नाहींत तर काय बिघडेल, असें कोणी विचारील. मार्च २०१७ मध्यें विंडोजमधील एक छिद्र बुजविणारें अपडेट निघालें. पुष्कळांनीं तें बसविलें नाहीं. दोनच महिन्यांनीं, १२ मे २०१७ रोजीं, ‘वॉनाक्राय’ नांवाचा घातक प्रोग्राम त्याच छिद्रांतून शिरला. सुमारें दीडशें देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून त्यानें खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या ठरलेल्या शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या. तेव्हां अपडेट बसलें नाहीं, ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये.

आतां तें अडतें कोठें, हें पाहूं. अपडेटाच्या तीन पायऱ्या आहेत: प्रथम तें इंटरनेटवरून उतरतें, नंतर तें खरें व अखंड आहे, याची पारख होते, शेवटीं तें बसविलें जातें, आणि हें काम बहुधा संगणक पुन्हां सुरू होतांना पुरें होतें. कोणत्या पायरीवर गाडें अडलें, हें कळल्यावांचून उपाय करणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. म्हणून ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ उघडावें, ‘अपडेट हिस्टरी’ पाहावी, आणि तेथें दिसणारा चुकीचा क्रमांक वहींत उतरून घ्यावा. उदाहरणार्थ, ०एक्स८००७००७० या क्रमांकाचा अर्थ, डिस्कवर जागा उरली नाहीं.

जागा नसेल तर ‘स्टोरेज’मध्यें जाऊन तात्पुरत्या फायली काढाव्या. मात्र त्या यादींत ‘डाउनलोड्स’ हेंही एक नांव असतें. त्यावर खूण केली तर आपण उतरविलेले धडे व छायाचित्रें जातील. अपडेट उतरतच नसेल, तर जोडणी तपासावी. जोडणीवर ‘मीटर्ड’ अशी खूण असेल, तर मोबाइलचा डेटा संपूं नये म्हणून विंडोज बहुतेक अपडेटें आपण होऊन उतरवीत नाहीं.

येथें आमच्याच घरची एक गोष्ट सांगतों. आमच्या जुन्या संगणकावर अपडेट बसेना, आणि इंटरनेटवरील कित्येक पानेंही उघडेनात. आम्हीं तीन संध्याकाळ खटपट केली, आणि इंटरनेट पुरविणाऱ्या बिचाऱ्या गृहस्थास टेलिफोनवर चार कठोर शब्दही सुनावले. चौथ्या दिवशीं इयत्ता सातवींतील आमची मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्या संगणकांत अजून २०१५ साल कसें?” आम्ही खजील झालों. आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली होती. रात्रीं मुख्य बटण बंद केलें, कीं संगणकाचें घड्याळ मागें जाई. इंटरनेटवरील प्रमाणपत्रांस मुदत असते; तारीख चुकली, कीं खरें प्रमाणपत्रही संगणकास खोटें वाटतें. नवी बॅटरी घातली, तारीख लावली, आणि अपडेट निमूटपणें बसलें. त्या गृहस्थाची आम्हीं क्षमा मागितली.

एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर संगणक ‘रिस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ या दोन गोष्टी सारख्या नव्हेत: विंडोजमध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर बंद करतांना मुख्य प्रणालीची स्थिति जपून ठेविली जाते व पुढें तीच उघडते, ‘रिस्टार्ट’मध्यें सर्व कांहीं नव्यानें सुरू होतें. यानंतर ‘ट्रबलशूटर’ चालवावा. शेवटचा उपाय वडीलधाऱ्यांनीं, महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत करून मगच करावा. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’च्या अधिकारानें कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रथम ‘डिझम’ या साधनाची ‘रिस्टोअर-हेल्थ’ ही आज्ञा द्यावी, व नंतर ‘एस-एफ-सी’ची ‘स्कॅन-नाउ’. पहिली दुरुस्तीचें सामान नीट करते. दुसरी त्या सामानानें बिघडलेल्या फायली सुधारते. म्हणून हा क्रम सोडूं नये.

दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. संगणक बंद करूं नका, अशी सूचना पडद्यावर असतां वीज तोडूं नये. लॅपटॉप चार्जरला लावूनच हें काम आरंभावें, आणि जेथें वीज वारंवार जाते तेथें दुसरा संगणक यू.पी.एस.वर असावा. तसेंच, ‘तुमचा संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर टेलिफोन करा’, अशी चौकट उघडली तर मुळींच टेलिफोन करूं नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेंत टेलिफोनचा क्रमांक कधींच नसतो. असें कांहीं दिसल्यास, किंवा हातून चूक झाल्यास, मुलांनीं तें आईवडिलांस तत्काळ सांगावें; आणि आईवडिलांनीं रागें न भरतां ऐकावें. भीतीनें लपविलेली चूकच पुढें महागांत पडते.

ज्यांच्याकडे विंडोज १० आहे, त्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें, कीं त्याची नेहमींची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. तेथें अपडेट येत नसेल, तर तो बिघाड नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, या सर्वांत यंत्रविद्येपेक्षां एक संवय अधिक उपयोगी पडते. प्रथम नीट पाहावें, पाहिलेलें लिहावें, एका वेळीं एकच उपाय करावा, आणि दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपलें घड्याळ तपासावें. आमच्या घरीं हा धडा मुलीनें वडिलांस दिला, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.