उत्प्रेरक खर्ची पडत नाही, मग बदलतात कशाला?

प्रश्न : उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही, असं शाळेत शिकलो. माझा भाचा थळच्या खतकारखान्यात आहे. तो म्हणतो, काही वर्षांनी मोठ्या शटडाउनमध्ये टनावारी कॅटॅलिस्ट काढून नवा भरावा लागतो. पुस्तक खोटं की भाचा? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : दोघेही खरं बोलतात. पुस्तकातलं वाक्य क्रियेच्या हिशेबाबद्दल आहे. खतासाठीच्या अमोनियाला लागणारा हायड्रोजन मिथेन आणि वाफेपासून बनतो, तेव्हा त्यात उत्प्रेरक म्हणून वापरलेलं निकेल जेवढ्यास तेवढं उरतं. भाचा सांगतो ते टाकीत भरलेल्या मालाबद्दल. त्या मालात धातू अगदी बारीक कणांच्या रूपात, ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र गोळ्यांवर पसरलेला असतो, आणि काम करतात ते फक्त कणांच्या पृष्ठभागावरचे अणू. तो पृष्ठभाग गेला की धातू ग्रॅमभर कमी न होताही कॅटॅलिस्ट निकामी ठरतो.

पृष्ठभाग घालवणाऱ्यांत पहिला गंधक. तो निकेलवर किंवा तांब्यावर येऊन बसला की सहसा उठत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि शेवटच्या थांब्यापर्यंत हलू नये, तसा प्रकार. मिथेनला बसायला जागाच राहत नाही. म्हणून अमोनियाच्या कारखान्यात नैसर्गिक वायू आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून नेतात आणि गंधक कोटी भागांत एक भाग इतका खाली आणतात. गंधक धरताना झिंक ऑक्साइडचं झिंक सल्फाइड होतं, म्हणजे ते मात्र खरोखर खर्ची पडतं. काटेकोरपणे पाहिलं तर तो उत्प्रेरक नव्हेच, तरी कारखान्याच्या खरेदीत तोही बहुधा कॅटॅलिस्टांच्याच यादीत असतो.

असलं विष आपल्या रस्त्यांवरही होतं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावंच लागलं. शिशाचं पेट्रोल घातलं असतं तर कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर शिशाचा लेप चढून तो थोड्याच दिवसांत बाद झाला असता.

दुसरं कारण उष्णता, आणि मला ते जास्त रंजक वाटतं. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून आणखी हायड्रोजन मिळवायला शेवटच्या टप्प्यात तांब्याचा कॅटॅलिस्ट वापरतात, साधारण दोनशे अंश सेल्सियसला. तांबं वितळतं १०८५ अंशांना, तेव्हा दोनशे म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पृष्ठभागावरचे अणू वितळबिंदूच्या पुष्कळ आधीच सरकू लागतात. लहान कण मोठ्यांना जाऊन मिळतात, तांबं तेवढंच राहतं आणि पृष्ठभाग आटतो. जरा जास्त तापलं की हे झपाट्याने होतं. म्हणून तांब्याच्या कणांमध्ये झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना पेरून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात. यात क्लोरीनचा अंश शिरला तर क्लोराइड होऊन तांबं आणखी सहज सरकतं. हा क्लोरीन येतो कुठून? पाण्यातून, वाफेतून, आणि नायट्रोजनसाठी बाहेरून जी हवा आत घेतात तिच्यातूनही. समुद्रकाठच्या कारखान्याला खाऱ्या वाऱ्याची काळजी घ्यावी लागते ती केवळ पत्रे गंजतात म्हणून नव्हे.

काजळीचं प्रकरण तुलनेने सौम्य. वाफ कमी पडली तर मिथेनमधला कार्बन निकेलवर साचतो. म्हणून कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे तीनेक रेणू सोडतात. थोडी काजळी धरलीच तर वाफेने ती काढताही येते. गोळीच्या छिद्रांत वाढून तिने गोळी फोडली तर मात्र इलाज नाही. गोळ्या फुटायला आणखी एक निमित्त असतं. मिथेन आणि वाफेची क्रिया जिथे होते त्या रिफॉर्मरच्या उभ्या नळ्या तापल्या की फुगतात आणि आतल्या गोळ्या जरा खाली बसतात. थंड होताना नळ्या आकसतात आणि त्या गोळ्यांना चिरडतात. कारखाना जितक्या वेळा बंद-चालू, तितका भुगा जास्त. भुग्याने वायूची वाट अडते, एखाद्या नळीत तो कमी जातो आणि तिथे नळी लालबुंद होते. वीज गेल्यामुळे अचानक बंद पडणं कारखान्याला म्हणूनच फार महागात पडतं.

सगळेच कॅटॅलिस्ट असे अल्पायुषी नसतात. अमोनिया प्रत्यक्ष बनतो तो लोखंडावर. जर्मनीत बीएएसएफच्या आल्विन मिताश यांनी १९०९ नंतर हजारो चाचण्या करून लोखंडात ॲल्युमिना आणि पोटॅशचा अंश मिसळण्याची कृती ठरवली, आणि आजही बहुतेक ठिकाणी मूळ कृती तीच आहे. वायू स्वच्छ ठेवला तर हा कॅटॅलिस्ट दहा वर्षं आणि त्याहून जास्त चालतो. तांब्याचा साधारण तीन ते पाच वर्षं.

एक मात्र खरं, कॅटॅलिस्ट पूर्ण मरेपर्यंत कुणी थांबत नाही. तांब्याची ताकद घटली की कार्बन मोनॉक्साइडचे काही रेणू क्रिया न होता पुढे निसटतात. पुढच्या टाकीत त्यांचा मिथेन करून टाकावा लागतो आणि तिथे एकेक रेणू हायड्रोजनचे तीन रेणू गिळतो. शिवाय त्याच्यापासून मिळायचा एक हायड्रोजनही हुकला, म्हणजे चारांचा तोटा. अभियंते मग तापमान थोडंथोडं वाढवत नेतात. पण ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्याने तापमान चढलं की तिचा पल्लाच कमी होतो, आणि तांब्याचे कण आणखी गोळा होतात ते वेगळंच. हा तोटा आणि नव्या मालाची किंमत यांचा हिशेब मांडून पुढच्या ठरलेल्या शटडाउनला बदल करतात. मधेच केवळ त्यासाठी कारखाना बंद करणं कुणालाच परवडत नाही.

काढण्याचं काम जोखमीचं असतं. वापरातलं निकेल आणि तांबं हवा लागताच तापतं, पेटूही शकतं. म्हणून ते आधी सावकाश ऑक्सिडाइझ करतात, नाहीतर नायट्रोजनच्या आवरणाखाली उपसतात. अशा टाकीत प्राणवायू नसतो, तेव्हा आत उतरणाऱ्याला श्वासासाठी बाहेरून हवा पुरवावी लागते. निघालेला माल भंगारात टाकता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा ठरतो आणि परवानाधारक कारखाने त्यातून निकेल, तांबं, जस्त परत मिळवतात.