ड्रमची काठी जाड हवी की बारीक?

स्नेहसंमेलनाची तालीम चालू आहे. गाणाऱ्या मुलीचा आवाज ड्रमच्या दणदणाटात बुडून जातो. कोणीतरी वादकाला सुचवते, "बारीक काठ्या आण, आवाज कमी होईल." हा सल्ला कितपत बरोबर आहे? चला, हिशेब करून पाहू.

ड्रमच्या काठ्यांवर ७ए, ५ए, २बी असे क्रमांक असतात. सामान्यतः आकडा जितका लहान, तितकी काठी जाड. कंपनीगणिक मापे थोडी बदलतात. पण ७ए काठीचा व्यास साधारण १३.७ मिलिमीटर, तर २बी काठीचा १६ मिलिमीटर असतो. लांबी आणि लाकूड सारखे धरले, तर वस्तुमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. (१६ ÷ १३.७)² म्हणजे सुमारे १.४. जाड काठी सुमारे १.४ पट जड झाली.

आघाताच्या वेळी काठीची गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (वेग)². वेग तोच ठेवला, तर जाड काठीची ऊर्जाही १.४ पटच होते. ऊर्जेचा ठरावीक हिस्सा ध्वनीत जातो असे मानले, तर ध्वनीची पातळी एक-दीड डेसिबलने वाढते. कानाला हा फरक पुसटच जाणवतो.

आता काठी तीच ठेवा आणि वेग दुप्पट करा. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणून ऊर्जा ४ पट होते आणि पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते! सैल धरलेली काठी आपल्या वजनाने पडू दिली, तर ५ सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर उंचीवरून पडताना तिचा वेग असा दुप्पट होतो.

मग काठीच्या निवडीला अर्थच नाही का? आहे. हलकी काठी हळू वाजवताना ताब्यात ठेवणे सोपे जाते. मोकळ्या मैदानावर जड काठी उपयोगी पडते. काठी कशीही असो, आघातानंतर तिला उसळू द्यावे. दाबून धरलेली काठी कातड्याची कंपने थोपवते आणि मनगटालाही हिसका देते.

घरी पालथा डबा घ्या. दोन बोटांत सैल धरलेल्या पेन्सिलीचे टोक ३ आणि मग १२ सेंटिमीटर उंचीवरून डब्यावर पडू द्या. नंतर जाड पेन्सिल घेऊन हेच करा. कोणता फरक मोठा वाटला?

तेव्हा दुकानात जाण्याआधी काठीची उंची कमी करून पाहा. गाणे ऐकू येईल, पैसेही वाचतील.