वजन शाळेत, चिठ्ठी घरी

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. परवा शाळेने त्याच्या वहीत चिठ्ठी पाठवली : ‘वजन 42 किलो. जास्त आहे. पालकांनी लक्ष द्यावे.’ सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, लोकांच्या डोळ्यांत येतंय. ह्यांचं म्हणणं, शाळेने शिकवावं, वजनं कशाला करत बसावीत? उलट वेल्ह्याकडे दिलेल्या नणंदेच्या मुलीला ‘कमी वजन’ असा शेरा मिळाला आणि आता वर्गात तिला काडी म्हणतात. मुलांच्या वजनाबद्दल शाळेने पालकांना कळवावं का? – एक आई, भोर

उत्तर : कळवावं, असं माझं मत आहे. पण तुम्हाला आली तशी चिठ्ठी पाठवायची असेल, तर न पाठवलेली बरी.

त्या चिठ्ठीत उंची कुठे आहे? वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की जो आकडा येतो, त्यावरून काहीतरी बोलता येतं. तुमच्या मुलाची उंची 135 सेंटिमीटर असेल, तर 42 किलोला तो आकडा 23 येतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी हा बराच जास्त झाला, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तोच मुलगा 150 सेंटिमीटर उंच असेल, तर आकडा 18.7 येतो आणि काळजीचं फारसं काही उरत नाही. म्हणजे एकाच चिठ्ठीचे दोन उलटे अर्थ निघतात. शिवाय मोठ्या माणसांची 25 ची रेघ मुलांना लावायची नसते, वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता बघावा लागतो. भारतीय मुलांसाठीचे असे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये सुधारून काढले, आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी केलेला तक्ता आपल्याच शाळेच्या भिंतीवर नसावा, हे जरा खटकतंच.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. शाळेत वजन करणं नवं नाही. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने वर्षानुवर्षं आहेत. भरताना कधीकधी मागच्या सत्राच्या आकड्यात एखादा किलो वाढवून काम भागतं, हेही गुरुजींना ठाऊक असतं. 2015 मध्ये राज्य सरकारने दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असा आदेश काढला. मुलाचं वजन माहीत नसेल, तर तो पाळायचा कसा? आणि मुख्य म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला झाली. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातं. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. डोळे, दात, कान, हृदय, रक्तक्षय असं सगळं पाहतात. वजन हा त्यातला एक भाग. गंभीर काही आढळलं, तर पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोयही त्यात आहे.

गोम अशी, की हे पथक नेमानं जातं ते सरकारी आणि अनुदानित शाळांत. जास्त वजनाची मुलं मात्र भोर शहरात, नसरापूरला आणि महामार्गालगत निघालेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांत अधिक दिसतात. दारात बस, मधल्या सुट्टीत पाच रुपयांची पुडी, घरी आल्यावर मोबाइल. तिथे वजनकाटा कोणी काढलाच, तर तो शाळेने आपल्या हौसेने काढलेला, आणि चिठ्ठीही तशीच, तुम्हाला आलेल्यासारखी.

वजन कसं होतं, ते एकदा पाहण्यासारखं आहे. व्हरांड्यातल्या फरशीवर काटा ठेवलेला, फरशी एका बाजूला कललेली. मुलं रांगेत, कोणी बूट काढलेत, कोणी नाही. एक शिक्षिका काट्यावर वाकून खणखणीत आवाजात आकडा सांगते, दुसरी खुर्चीत बसून तो लिहिते. अख्खी रांग ऐकते. ‘बेचाळीस!’ म्हटल्यावर मागे खसखस पिकते, ‘एकोणीस!’ म्हटल्यावरही. तुमच्या भाचीला काडी हे नाव याच रांगेत पडलं असणार. आकडा मुकाट्याने लिहिला असता, तरी काम तेवढंच झालं असतं. याहून वाईट प्रकार म्हणजे सगळ्या वर्गाची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं. तसं झालं असेल, तर मुख्याध्यापकांकडे सरळ लेखी तक्रार करा.

नुसतं कळवून वजन घटतं का? अमेरिकेत आर्कान्सा राज्याने 2003 मध्ये कायदा करून अशी पत्रं घरोघर पाठवायला सुरुवात केली, पुढे इतर राज्यांनीही कित्ता गिरवला. मग कॅलिफोर्नियात 79 शाळांमध्ये नीट प्रयोग झाला : काही शाळांतून पालकांना पत्रं गेली, काहींतून गेली नाहीत. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. पत्रांमुळे मुलांच्या वजनात फरक पडला नव्हता. मात्र शाळेत वजन केलेल्या मुलांत आपल्या वजनाबद्दलची नाराजी थोडी जास्त वाढली होती. इंग्लंडमध्ये चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मोजणी दरवर्षी होते. तिथे निकाल वर्गात सांगत नाहीत, पत्र पालकांच्या नावे जातं, आणि नको असेल तर पालक आधीच नकार कळवू शकतात. एवढी सभ्यता आपल्यालाही परवडेल.

तरीही कळवावं असं म्हणतो, ते तुमच्या भाचीकडे पाहून. कॅलिफोर्नियाचा प्रयोग लठ्ठपणाच्या चिंतेतून झाला. आपल्याकडचा हिशेब वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे 36 कमी वजनाची निघाली, जास्त वजनाची चार. वेल्ह्यात, म्हणजे आता राजगड तालुका म्हणायचं, केळद-पासलीच्या बाजूला किंवा भोरच्या भुतोंडे खोऱ्यात आई-बाप पुण्या-मुंबईला आणि मूल आजी-आजोबांकडे, अशी घरं पुष्कळ. रोज डोळ्यांसमोर असलेलं मूल वर्षभरात वाढलंच नाही, हे आजीला दिसत नाही, कागदावर मात्र दिसतं. म्हणून एका वर्षाचा आकडा फारसा कामाचा नाही, मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी हवेत. गेल्या वर्षी 21 आणि यंदाही 21 असेल, तर ते आई-बापाला आजच्या आज फोन करून सांगण्यासारखं आहे. जंत, रक्तक्षय, जुनाट खोकला, नुसताच उपास, काहीही असू शकतं. तिला काडी म्हणून मोकळं होणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आणि कळवणाऱ्याने पुढची जबाबदारीही घ्यावी. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कोणाला भेटायचं हे चिठ्ठीत असावं. केळदहून वेल्ह्याला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, माणूस नुसत्या ‘लक्ष द्यावे’वर निघत नाही. सरकारचीही गंमत पाहा. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून द्या. मुलीच्या वहीत ‘कमी वजन’ लिहायचं आणि ताटातलं अंडं उचलायचं!

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या आयुष्यात पोर अंगाने भरलेलं असणं म्हणजे घरात धान्य असणं, आणि ते खोटं नव्हतं. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जिल्ह्यातल्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असली, तरी अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. मधुमेहाचं मूळ तिथे असू शकतं. म्हणून मुलाचं पोट सुटतंय का, धावताना धाप लागते का, मानेमागची कातडी काळी-जाड होतेय का, हे बघा. काळी-जाड दिसली, तर डॉक्टरांकडे जाच. मुलाचं जेवण तोडू नका, त्याला वेगळं ताटही वाढू नका. पुडी आणि साखरेचा चहा घरात सगळ्यांचाच कमी करा, आणि संध्याकाळी त्याला मैदानावर सोडा.

या आठवड्यात एवढं करा : मुलाची उंची भिंतीला टेकवून मोजा, प्रगतिपुस्तकांतले मागचे आकडे उतरवा आणि कागद घेऊन भोरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा, पैसे फारसे लागत नाहीत. नणंदबाईंना म्हणावं, तपासणी पथक शाळेत कधी येणार ते मुख्याध्यापकांना आधी कळलेलं असतं. त्या दिवशी स्वतः जाऊन उभ्या राहा, आणि मुलीच्या तपासणी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या.