दोन रंगांचा मेळ कसा मोजावा?

नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस कांद्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या कांद्याचा आपण लासलगावीं भाव करतों, त्याच्या आंतील पातळ पापुद्र्यास शास्त्रज्ञांच्या टेबलावर निराळेंच मोल आहे. १९८७ सालीं अमेरिकेंतील क्लाइन, सॅनफोर्ड वगैरे संशोधकांनीं टंगस्टन धातूच्या अतिसूक्ष्म कणांस जनुकद्रव्य लावून ते कण कांद्याच्या पापुद्र्यावर वेगानें झाडले व तें द्रव्य जिवंत पेशींत पोंचविलें. हा पापुद्रा एकाच पेशीइतका जाड, पारदर्शक व मोठ्या पेशींचा असतो. शिवाय पानांतील हिरवें द्रव्य त्यांत नसतें. म्हणून पेशींतील एखादें प्रथिन कोठें वसतें, हें पाहण्यास तो आजही वारंवार वापरितात.

पाहण्याची रीत अशी. कांहीं द्रव्यांवर एका रंगाचा प्रकाश टाकिला असतां तीं निराळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ति म्हणतात. असें हिरवें चमकणारें एक प्रथिन शिमोमुरा यांस १९६२ सालीं समुद्रांतील एका जेलीफिशमध्यें आढळलें. या प्रथिनावरील कामाबद्दल शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां द्राक्षावरील केवडा रोगाचें उदाहरण घ्या. हा रोग वेलीच्या पेशींत आपलीं प्रथिनें सोडतो. तीं पेशीच्या केंद्रकांत जातात कीं अन्यत्र, हें कळलें तर रोगाची चाल कळते. म्हणून रोगाच्या प्रथिनास हिरवी व केंद्रकांतील ओळखीच्या प्रथिनास तांबडी खूण जोडितात. दोन्ही चित्रें एकावर एक ठेविलीं कीं जेथें दोन्ही रंग पडतात तेथें पिवळें दिसतें.

परंतु पिवळें दिसलें म्हणजे काम झालें नाहीं. माझ्या नोकरींत एकदां जुना व नवा नकाशा यांच्या प्रती एकमेकींवर ठेवून, नुसत्या नजरेनें, ‘बांध सरकवून आक्रमण केलें आहे’ असा शेरा मीं लिहिला. प्रत्यक्ष मोजणींत निघालें कीं, बांध जागचे जागीं होता. माझा कागदच किंचित् सरकला होता. तोंपर्यंत त्या खातेदारास दोन हंगाम हेलपाटे पडले होते. नजर चुकते, मोजणी तपासतां येते.

सूक्ष्मदर्शकाचें असें चित्र म्हणजे एक प्रकारचें पीकपाहणीचें पत्रकच होय. तें बारीक चौकड्यांचें असून प्रत्येक चौकडींत हिरवा प्रकाश किती व तांबडा किती, असे दोन आंकडे असतात. त्यांवरून दोन प्रकारचे हिशेब करितात.

पहिला, इंग्लंडांतील कार्ल पिअर्सन यांच्या नांवाचा गुणांक. एक रंग वाढतो तेथें दुसराही वाढतो काय, हें तो सांगतो. चार चौकड्यांत हिरवा १०, २०, ३०, ४० व तांबडा २०, ४०, ६०, ८० असेल तर गुणांक अधिक १ येतो. तांबडा ८०, ६०, ४०, २० असा उलट असेल तर उणे १ येतो. शून्याजवळ आला तर चढउतारांत मेळ नाहीं असें समजावें.

दुसरा, मँडर्स यांनीं सहकाऱ्यांसह १९९३ सालीं मांडलेला. यांत दोन अपूर्णांक निघतात. समजा, हिरवा प्रकाश एकंदर १,०००. पैकीं ९०० तांबडा असलेल्या चौकड्यांत आहे. हा अंक ०.९. तांबडा एकंदर ३,०००. पैकीं १,२०० हिरवा असलेल्या चौकड्यांत आहे. हा अंक ०.४. अर्थात् हिरवा बहुतेक तांबड्याच्या घरीं आहे, पण तांबडा इतरत्रही पुष्कळ आहे. एखाद्याचें सर्व शेत पाटावर भिजतें, म्हणून पाटाचें सर्व भिजणारें क्षेत्र त्याचें होत नाहीं.

हिशेबापूर्वीं पुढील खबरदारी घ्यावी लागते :

१. बारदान वजा केल्यावांचून मालाचें वजन कळत नाहीं. तसा चित्रांतील तळचा फिका उजेड आधीं वजा करावा. न केल्यास प्रत्येक चौकडींत दोन्ही रंग धरले जाऊन दोन्ही अपूर्णांक १ येतात.

२. हिरव्याचा प्रकाश तांबड्याच्या मापांत पाझरतो. म्हणून नुसती हिरवी खूण असलेली पेशी आधीं तपासावी.

३. पेशीबाहेरची काळी जागा धरूं नये. तेथें दोन्ही आंकडे शून्य असल्यानें पिअर्सनचा गुणांक उगाच फुगतो.

४. दोन्ही चित्रें एकमेकांवर नेमकीं बसतात काय, हें सर्व रंगांत चमकणाऱ्या बारीक मण्यांवरून पाहावें. माझी चूक हीच होती.

५. पीककापणी प्रयोगांत प्लॉट चिठ्ठीनें निवडतात, चांगलें पीक पाहून नव्हे. चित्रेंही तशींच घ्यावीं.

एवढें करूनही मेळ केवळ योगायोगाचा नाहीं ना? कॉस्ट यांनीं सहकाऱ्यांसह २००४ सालीं यासाठीं युक्ति सांगितली. एका चित्राचे तुकडे विस्कटून पुन्हां पुन्हां गुणांक काढावा. मूळ चित्राचा गुणांक अशा शंभरांपैकीं ९५ हून अधिक चित्रांपेक्षां मोठा निघाला, तरच मेळ खरा मानावा.

शेवटीं एक मर्यादा. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास सुमारें एक मिलिमीटरच्या पांच हजाराव्या भागाहून कमी अंतर स्पष्ट दिसत नाहीं. प्रथिनें त्याहून कितीतरी लहान असतात. एका गटनंबरांत राहणारीं दोन कुटुंबें एका चुलीवर जेवतातच असें नाहीं. मेळ म्हणजे शेजार. संबंध सिद्ध करण्यास निराळा पुरावा लागतो.

तात्पर्य, उद्यां कोणी पिवळें चमकणारें चित्र दाखवून बागेसाठीं नवें औषध किंवा नवी जात पुढें करील, तर शेतकरी बंधूंनीं त्यास नम्रपणें तीन प्रश्न विचारावे : मोजलें काय? बारदान वजा केलें काय? चित्रें किती व कशीं निवडलीं? ज्यास उत्तर देतां येईल, त्याचें पुढें ऐकावें.